पत्रा कोणी कापला?

तुमच्या गावच्या घरावर छप्पर कसलं आहे?

कौलं, स्लॅब की पत्रा? आणि पत्रा असेल तर टिनाचा की सिमेंटचा? ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये मी हा प्रश्न टाकून बघितला. टेबलावरच्या नऊ जणांपैकी सहा जण म्हणाले, 'सिमेंटचा'. कोणाच्या गोठ्यावर, कोणाच्या पडवीवर, कोणाच्या आजोळच्या पिठाच्या गिरणीवर. एकानं 'आमच्या हडपसरच्या सोसायटीच्या पार्किंगवर' असं सांगून हशा मिळवला. मग मी विचारलं, 'त्यात ॲस्बेस्टॉस असतं, माहितीये?' टेबल गप्प. थोड्या वेळानं एक जण म्हणाला, 'पण ते बॅन झालंय ना?'

नाही झालेलं, बॉस. आपल्याकडचा हा फार गोड गैरसमज आहे. आपल्या देशात ॲस्बेस्टॉसच्या खाणींना नवे परवाने देणं १९८६ मध्ये थांबलं आणि जुन्या परवान्यांचं नूतनीकरण १९९३ मध्ये. म्हणजे खणून काढायला मनाई. पण रशिया, कझाकस्तानसारख्या देशांतून पांढरं ॲस्बेस्टॉस जहाजानं आणायचं, सिमेंटमध्ये कालवायचं आणि त्याचे पत्रे तुम्हाआम्हाला विकायचे, याला पूर्ण मुभा. सरसकट बंदी घाला ही मागणी सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये फेटाळली. तिकडे साठहून जास्त देशांनी हा माल हद्दपार केलाय. कॅनडात ज्या गावाला त्याच्या खाणीमुळे 'ॲस्बेस्टॉस' हेच नाव मिळालं होतं, त्या गावानं २०२० मध्ये मतदान घेऊन नाव बदललं. आता ते व्हाल-दे-सूर्स. आपण मात्र अजूनही जगातल्या मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक.

एवढी माहिती मला असायचं कारण म्हणजे माझं माहेरचं घर. ओतूरच्या अलीकडे, जुन्नर तालुक्यात. पावसाळ्यात माळशेजला निघालेली अख्खी पुण्याची गर्दी आमच्या फाट्यावरून जाते. शिवनेरी जवळ, लेण्याद्री जवळ, नाणेघाट गाडीनं तासाभरावर. 'वीकेंड होमस्टे' हा शब्द आमच्या घरात शिरायला एवढं पुरेसं होतं. नवरा खराडीत, मी खराडीत, दोघांचे डोळे स्क्रीनवर आणि मन ओतूरला. ठरलं असं की आप्पा-आई पुढच्या खोल्यांत राहतील, मागच्या तीन खोल्या आणि गोठा यांचं रूप पालटायचं. छप्पर काढून वर छानपैकी लाल रंगाचे शीट टाकायचे.

नारायणगावचा फॅब्रिकेशनवाला आला, टेप लावला आणि म्हणाला, "ताई, दोन दिवसांचं काम. पोरं वर चढून हातोड्यानं फोडत फोडत खाली टाकतील. तुकडे तुमच्याच रस्त्याच्या खड्ड्यांत भर म्हणून टाकू. तुमचा मुरूम वाचेल." कोटेशन स्वस्त होतं, मुरूम वाचत होता, आप्पा खूश होते.

पत्र्यांबद्दल आप्पांना प्रेम आहे, हे इथं सांगायला हवं. १९८४ मध्ये त्यांनी कौलं उतरवून हे पत्रे चढवले, तेव्हा आमच्या वाडीतलं ते पहिलं सिमेंटच्या पत्र्याचं घर. कौलारू घर फोटोत छान दिसतं. पण दर उन्हाळ्यात ते शाकारायला लागतं, माकडं कौलं फोडतात आणि पहिल्या वळवाच्या पावसात घरात पातेली मांडत फिरावं लागतं. टिनाचा पत्रा गंजतो, तापतो आणि पावसात असा वाजतो की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नाही. सिमेंटचा पत्रा गंजत नाही, जळत नाही, वाळवी लागत नाही, पावसात बेताचाच आवाज करतो. गरिबाच्या खिशाला परवडतो. या भागातल्या हजारो घरांना या पत्र्यानं कोरडी झोप दिली आहे. तेव्हा त्याला व्हिलन ठरवायची घाई मला नाही.

तर त्याच आठवड्यात मेलबर्नहून दादाचा व्हिडिओ कॉल आला. दादा म्हणजे माझा आतेभाऊ. आत्याचं घर कळंबला, मंचरच्या पुढे, आंबेगाव तालुक्यात. दादानं तिकडे एक जुनं घर घेतलंय आणि त्याच्या मागच्या अंगणातलं गॅरेज पाडायचं काम चाललं होतं. त्यानं मोबाइल फिरवला. चंद्रावर उतरल्यासारखे दोन जण, अंगभर पांढरे सूट, तोंडावर फिल्टरचे मास्क, एकेक पत्रा ओला करून अलगद खाली घेत होते आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळत होते. ऑस्ट्रेलियानं २००३ च्या शेवटी ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी घातली. तिथं बहुतेक राज्यांत दहा चौरस मीटरहून जास्त असा पत्रा काढायचा असेल तर तो परवाना असलेल्या माणसानंच काढायचा. जुन्या घराला हात लावण्याआधी तपासणी करून घेणं ही तिकडे साधी रीत आहे, आपण प्लॉट घेण्याआधी सातबारा बघतो तशी.

कळंबहून त्याच कॉलवर असलेली आत्या म्हणाली, "अगं बाई, एवढं काय त्यात? आमच्या ह्यांनी दोन तालुके याच पत्र्यांनी झाकलेत."

शेजारी बसलेले मामा हसले. आत्याच्या यजमानांना आमच्याकडे मामाच म्हणतात. हसता हसता त्यांना खोकला आला, तो बराच वेळ थांबला नाही. त्यावर कोणी काही बोललं नाही. मामांचा खोकला ही आमच्या घरातली जुनी गोष्ट.

फॅब्रिकेशनवाल्याला मी पंधरा दिवस थांबायला सांगितलं. आप्पांना म्हटलं, आधी तपासणी. आप्पा पतसंस्थेतून रिटायर झालेले. त्यांना कागद लागतो. सातबाऱ्यावर नाव नसेल तर ते शेत नव्हे आणि रिपोर्टवर नसेल तर ते ॲस्बेस्टॉस नव्हे. खरं तर त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. सिमेंटचा पत्रा दिसायला सगळा सारखाच, राखाडी, नागमोडी. हल्ली ॲस्बेस्टॉसऐवजी सेल्युलोज किंवा पीव्हीएचा धागा घातलेले पत्रेही बाजारात मिळतात आणि नुसत्या डोळ्यांनी दोन्हींतला फरक कळत नाही. १९८४ च्या पत्र्यावर मी डोळे मिटून पैज लावली असती. पण घरात इतरही संशयित होते. गोठ्याचे पत्रे नंतरचे. न्हाणीघरातल्या बंबामागे भिंतीला ठोकलेला सपाट बोर्ड. स्वयंपाकघराच्या माळ्याखालचा पांढरा बोर्ड. (आणि तुम्ही शाळेच्या प्रयोगशाळेत स्पिरिटच्या दिव्यावर चंचुपात्र ठेवायला जी तारेची जाळी वापरायचात, तिच्या मधोमध पांढरा गोल असायचा, आठवतो? जुन्या जाळ्यांतला तो गोलही ॲस्बेस्टॉसचाच. आपण तो नखानं खरवडायचो.)

नमुना घेणं हे रॉकेट सायन्स नाही, पण त्यात बेफिकिरी चालत नाही. वारा पडलेला असताना, सकाळी लवकर, घरातल्या सगळ्यांना लांब पाठवून. आधी पाण्यात शाम्पूचे चार थेंब टाकून ती जागा फवाऱ्यानं चिंब करायची, म्हणजे धूळ उडत नाही. चेहऱ्याला घट्ट बसणारा, पी१०० फिल्टरचा मास्क लावायचा. कोविडमधले ते फुलाफुलांचे कापडी मास्क इथं काही कामाचे नाहीत. पकडीनं आधीच तडकलेल्या कोपऱ्याचा दहा रुपयांच्या नाण्याएवढा तुकडा मोडायचा आणि एकात एक अशा दोन झिपच्या पिशव्यांत घालायचा. मोडलेल्या कडेवर रंगाचा हात मारायचा, म्हणजे ती उघडी राहत नाही. ड्रिल अजिबात लावायचं नाही. जिथं पत्रा धड आहे तिथं नमुन्यासाठी तो फोडणं म्हणजे ताप आहे का बघायला माणसाला पावसात भिजवण्यासारखं. चार पिशव्या, चार लेबलं. आई खिडकीतून बघत होती. म्हणाली, "पोलिसातली दिसतेस."

लॅब निवडताना एवढंच बघायचं की तिला एनएबीएलची मान्यता आहे का आणि ती मान्यता याच चाचणीसाठी आहे का. पाण्याची उत्तम तपासणी करणारी लॅब पत्र्याची करत असेलच असं नाही. पैसे लागले ते कोरेगाव पार्कातल्या दोघांच्या एका बऱ्यापैकी जेवणाएवढे. म्हणजे मध्यमवर्गाला परवडेल, पण गोठ्याचा पत्रा तपासायला कोणी खर्च करणार नाही, इतके.

नमुने द्यायला गेले तेव्हा तिथल्या ॲनालिस्ट मुलीला बहुधा माझी उत्सुकता बघून दया आली. तिनं आधीच्या कुठल्याशा पत्र्याची स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली लावली आणि म्हणाली, "बघा." ध्रुवित प्रकाशाचा सूक्ष्मदर्शक होता तो. काळ्याभोर पार्श्वभूमीवर रेशमासारखे कुरळे धागे चमकत होते. तिनं खालची चकती हळूहळू फिरवली. धागे विझले. आणखी फिरवली, पुन्हा पेटले. पांढऱ्या ॲस्बेस्टॉसची, म्हणजे क्रिसोटाइलची, ही ओळख. निळ्या आणि तपकिरी जातींचे धागे सरळ, सुयांसारखे. 'ॲस्बेस्टॉस' या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'न विझणारा', हे मी तिला सांगितलं. तिला ते माहीत नव्हतं. तिनं मला सांगितलं ते मला माहीत नव्हतं: जो धागा आपल्याला इथं दिसतोय तो एकटा नाही, तो शेकडो तंतूंचा जुडगा आहे, आणि सुटा तंतू केसापेक्षा शेकडो पटींनी बारीक असतो. तो नाकातल्या केसांत अडकत नाही, थुंकीवाटे सहज बाहेर पडत नाही, शरीरात विरघळायला फार वेळ घेतो. आत जाऊन बसतो. कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या जागतिक संस्थेनं सगळ्या जातींचं ॲस्बेस्टॉस पहिल्या गटात टाकलंय, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींच्या. गंमत अशी की सगळं घडायला वीस, तीस, चाळीस वर्षं लागतात. त्यामुळे कोणी कोणाला जबाबदार धरत नाही.

आठ दिवसांनी रिपोर्ट आला. घराचा पत्रा, गोठ्याचा पत्रा, बंबामागचा बोर्ड, तिघांतही क्रिसोटाइल. स्वयंपाकघरातला बोर्ड सुटला, तो नुसता लाकडाच्या लगद्याचा निघाला. आईला आनंद झाला. तिच्या राज्यात काही नव्हतं.

आप्पांनी चष्मा लावून रिपोर्ट दोनदा वाचला, घरपट्टीच्या पावत्यांच्या फाइलमध्ये लावला आणि विचारलं, "मग चाळीस वर्षं आम्ही याच्याखाली झोपतोय, ते कसे काय जिवंत?"

प्रश्न रास्त आहे. उत्तरही सोपं आहे. या पत्र्यात दहा टक्क्यांच्या आसपास धागा असतो, बाकी सिमेंट. धागा सिमेंटमध्ये घट्ट बसलेला असतो. पत्रा धड आहे, डोक्यावर आहे, कोणी त्याला छेडत नाही, तोवर तो बऱ्यापैकी गप्प असतो. तो बोलायला लागतो कापल्यावर, भोक पाडल्यावर, फोडल्यावर, शेवाळ काढायला तारेच्या ब्रशनं घासल्यावर. म्हणजे धोका त्याच्याखाली झोपणाऱ्याला कमी आणि त्याच्याशी झटणाऱ्याला जास्त.

आप्पा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "हे पत्रे तर तुझ्या मामांनी कापलेत."

१९८४ मध्ये मामा पंचविशीतले होते. शेतात पाणी नव्हतं आणि हातात कसब होतं. मंचर, कळंब, नारायणगाव, या पट्ट्यात पोल्ट्रीच्या शेड उभ्या राहायला लागल्या होत्या. पोल्ट्रीची शेड म्हणजे दोनशे-तीनशे पत्रे एका दमात. शिवाय कांद्याच्या बराखी, गुऱ्हाळं, गिरण्या, सोसायटीची गोदामं, शाळांच्या वाढीव खोल्या. मामा कैच्या उभ्या करायचे, पत्रे मापात कापायचे, हूक-बोल्टसाठी भोकं पाडायचे. आधी करवत आणि गिरमिट, नंतर लाइटीवरचा ग्राइंडर. ग्राइंडर आल्यावर काम तिप्पट झालं आणि धूळ किती पट झाली ते कोणी मोजलं नाही. आत्या सांगते, संध्याकाळी घरी यायचे तेव्हा गिरणीवाल्यासारखे दिसायचे, भुवया पांढऱ्या. दारातच शर्ट काढायचे. तो शर्ट आत्या झटकायची, मग धुवायला टाकायची. रोज. पंचवीसेक वर्षं. त्या पैशांवर दादा इंजिनीअर झाला.

मामांना दम लागतो त्याला आता सहा वर्षं झाली. टीबीची औषधं दोनदा देऊन झाली, थुंकीत जंतू एकदाही न सापडता. सगळ्यांनी एक्स-रे बघितला. बिडी ओढता का विचारलं, साखर विचारली, घरात कोणाला टीबी होता का विचारलं. 'काम काय करत होतात?' हे कोणी विचारलं नाही. केस-पेपरवर व्यवसाय म्हणून 'शेती' लिहिलेलं. तेही खोटं नाही, सातबाऱ्यावर नाव आहेच.

पत्र्याचा रिपोर्ट घेऊन मी मामांना पुण्यात एका छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. दवाखान्यात एवढी विचित्र फाइल त्यांनी क्वचितच बघितली असेल: माणसाची तपासणी करायची आणि कागद छपराचे. त्यांनी मात्र तो रिपोर्ट शांतपणे वाचला, खुर्ची पुढे ओढली आणि मामांना पहिला प्रश्न विचारला, "किती वर्षं पत्रे कापलेत? घरात की उघड्यावर? कशानं?"

मामांचा चेहरा मी विसरणार नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांना कोणीतरी त्यांच्या कामाबद्दल विचारत होतं. ते सरसावून बसले. "वही आणू का?" म्हणाले.

सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसाच्या आवरणावर चुन्यासारखे कडक चट्टे दिसले आणि फुप्फुसांच्या खालच्या भागात जाळीसारखं काहीतरी. डॉक्टर तोलून बोलणारे होते. म्हणाले, "हे चट्टे म्हणजे धागा आत गेल्याची खूण. दम लागतोय त्यात याचा वाटा किती आणि बिडीचा किती, ते वेगळं काढून सांगता येत नाही. दोन्ही एकत्र आले की फुप्फुसाच्या कॅन्सरची भीती मात्र नुसती बेरीज होऊन वाढत नाही, तिचा गुणाकार होतो. बिडी आजपासून बंद. फ्लू आणि न्यूमोनियाची लस घ्या. दर वर्षी यायचं. गेलेला दम परत देणारं औषध माझ्याकडे नाही." मग माझ्याकडे वळून, "ते शर्ट कोण धूत होतं? त्यांचाही एक एक्स-रे काढू या."

कायद्यात हे सगळं लिहिलेलं आहे, असं म्हटलं तर तुमचा विश्वास बसणार नाही. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ॲस्बेस्टॉसच्या कामगारांबद्दल मोठा निकाल दिला. कामगाराचं आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं सांगितलं आणि मालकांना फर्मावलं की प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद कामावर लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा काम सुटल्यानंतर १५ वर्षं, यातलं जे नंतर येईल तोवर, जपून ठेवा. ॲस्बेस्टॉसिस हा भरपाई मिळण्याजोगा, धंद्यातून होणारा आजार म्हणून कायद्याच्या यादीत आहे. मुंबईतल्या एका ॲस्बेस्टॉस कारखान्यातल्या कामगारांना डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी तपासलं, त्याचा अहवाल २००५ मध्ये छापून आला. पाचातल्या एकाहून जास्त जणांना ॲस्बेस्टॉसिस निघाला. तिथं निदान कारखाना होता, हजेरीपट होता, युनियन होती. मामांचा मालक कोण? ज्याची शेड तो? ज्यानं पत्रे विकले तो? कळंबच्या फाट्यावर सायकलला करवत अडकवून उभ्या असलेल्या माणसाची चाळीस वर्षांची नोंद कोण ठेवणार?

मामांनी स्वतःच ठेवली होती. ती वही म्हणजे खरं तर चार वह्या, लाल कापडी बांधणीच्या, हिशेबाच्या. तारीख, गाव, कोणाचं काम, किती पत्रे, किती उचल, किती बाकी. उधारी बुडू नये म्हणून लिहिलेल्या. डॉक्टरांनी पानांचे फोटो काढून घेतले, कारण किती वर्षं आणि किती धूळ याचा त्याहून चांगला पुरावा दुसरा नव्हता. मी मात्र त्या वह्या चाळताना वेगळंच काही वाचत होते. ब्रिटनमध्ये जुनी ऑफिसं, शाळा, गोदामं यांच्या मालकांना इमारतीत ॲस्बेस्टॉस कुठं आहे ते शोधून त्याची नोंद ठेवावीच लागते, म्हणजे उद्या भिंतीत खिळा ठोकणाऱ्या इलेक्ट्रिशियनला आधी कळतं. जुन्नर आणि आंबेगावची तशी नोंद मामांच्या मांडीवर होती. अमुक गावच्या सोसायटीचं गोदाम, ९० पत्रे. तमुक शाळेची नवी खोली, २४ पत्रे. ती 'नवी' खोली आता जुनी होऊन पाडायला आली असणार.

२००५ च्या शेवटी फ्रान्सची क्लेमांसो ही जुनी युद्धनौका तोडायला अलंगला निघाली होती. तिच्यात ॲस्बेस्टॉस आहे म्हणून केवढी बोंबाबोंब झाली, शेवटी फ्रान्सनं ती परत बोलावली. जहाज एक होतं आणि मोठं होतं, त्यामुळे सगळ्यांना दिसलं. पोल्ट्रीच्या शेडवर हातोडा पडतो तेव्हा कॅमेरे येत नाहीत.

आमच्या घराचं काय झालं? घराचे पत्रे धड होते, ते काढलेच नाहीत. त्यांना भोक न पाडता, खाली वेगळी फ्रेम उभी करून फॉल्स सीलिंग केलं आणि वरून न घासता रंगाचे दोन हात दिले. लाल शीटचं स्वप्न बारगळलं, नवरा दोन दिवस नाराज होता. गोठ्याचे पत्रे मात्र माकडांच्या उड्यांनी तडकले होते, ते ठेवण्यात अर्थ नव्हता. २२ पत्रे. फॅब्रिकेशनवाल्यानं दोन पोरं दिली. पोरांना मास्क दिले तर ती हसायला लागली. त्यांना गप्प केलं मामांनी.

मामांना मी लांब, वाऱ्याच्या उलट्या बाजूला, चिंचेखाली खुर्ची दिली होती आणि तिथून हलायचं नाही असं बजावलं होतं. हे पत्रे चढवणारा माणूस तोच, त्यामुळे ते न फोडता कसे उतरवायचे हेही त्यालाच माहीत. दम टाकत टाकत ते तिथून ओरडत होते. "आधी आढ्यावरचं टोपण काढ! हूक कापू नको, नट गंजलाय, तेल सोड आणि थांब! पत्रा ओढू नको रे, वरचा पत्रा त्याच्यावर चढलेला आहे, आधी तो उचल! पाणी मार, पाणी!" एक पोरगा वैतागून म्हणाला, "मामा, हातोड्यानं तासात झालं असतं." मामा म्हणाले, "माझंपण तासातच व्हायचं." त्यानंतर पोरानं मास्क काढला नाही.

पत्रे गुंडाळायला दादाच्या मेलबर्नवाल्यांसारखं खास प्लास्टिक कुठून आणायचं? पण आमच्याकडे घरटी शेततळं आहे. शेततळ्याच्या अस्तराचा जाड कागद उरलेला होता, त्यात सगळे पत्रे बांधले, चिकटपट्टी मारली, वर रंगानं 'फोडू नये' असं लिहिलं. घातक कचऱ्याची रीतसर विल्हेवाट लावणारी जागा आपल्या जिल्ह्यात आहे, शिरूर तालुक्यात, रांजणगाव एमआयडीसीत. लेण्याद्री, ओझर आणि रांजणगाव, अष्टविनायकातले तीन आमच्या याच पट्ट्यात, म्हणून आई म्हणाली, "बरं झालं, तिकडे गेलीस की दर्शनही होईल." पण ती यंत्रणा मुळात कारखान्यांसाठी बेतलेली. गोठ्याच्या २२ पत्र्यांनी तिच्या दारातून आत कसं जायचं, ते मी शोधते आहे. तोवर गठ्ठे घराच्या मागे आहेत. दोघे शेजारी येऊन विचारून गेले, "पडून आहेत तर द्या की, कोंबड्यांच्या खुराड्याला होतील." एक तर टेम्पोच घेऊन आला होता. त्याला चहा पाजला, रिपोर्ट दाखवला. टेम्पो रिकामा गेला, पण माणूस थोडा रागावूनच गेला.

आत्याच्या एक्स-रेमध्ये सध्या काही नाही. सध्या, हा शब्द डॉक्टरांचा.

आणि वह्यांचं काम चालू आहे. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर मामा वाचतात, मी एक्सेलमध्ये भरते, दादा मेलबर्नहून गावांची नावं दुरुस्त करतो. ज्यांचे नंबर मिळतात त्यांना मामा स्वतः फोन करतात, कारण माझ्या पुणेरी मराठीतलं 'ॲस्बेस्टॉस' ऐकून लोक क्रेडिट कार्डवाली समजून फोन ठेवतात. बहुतेक जण 'बरं बरं' म्हणतात. परवा बेल्ह्याजवळच्या एका गिरणीवाल्याचा मुलगा म्हणाला, गिरणी पाडतोय, सोमवारी जेसीबी येतोय.

"जेसीबी नको," मामा म्हणाले. "ते पत्रे मी बसवलेत. काढायचे कसे ते मी येऊन सांगतो."

शनिवारी आम्ही बेल्ह्याला जातोय. पी१०० चे चार मास्क मागवलेत, त्यातला एक मामांना. खुर्ची गाडीतच ठेवली आहे.